बिलात न दिसणारे हात

एका वेळच्या जेवणासाठी माणशी एखाद्याच्या महिन्याच्या पगाराएवढी रक्कम घेणारी रेस्टॉरंटे असावीत का, हा वाद मायदेशातील माझ्या नातेवाइकांत आणि मित्रमंडळींत दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो. निमित्त बहुधा सोन्याचा वर्ख चढवलेल्या मांसाच्या चित्रफितीचे किंवा कोणाच्या तरी भल्यामोठ्या बिलाच्या छायाचित्राचे असते. एक बाजू म्हणते की, जगात भुकेली माणसे असताना असे खाणे हा निव्वळ माज आहे. दुसरी म्हणते की, ज्याने स्वतःच्या कमाईचे पैसे खर्च केले त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी गेली चौदा वर्षे डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये राहते. असल्या जेवणासाठी लोक जगभरातून ज्या शहरात येतात तेथे राहून माझे असे मत झाले आहे की, या दोन्ही बाजू जेवणाऱ्याकडेच पाहत आहेत. रांधणाऱ्याचा विचार दोघांच्याही मनात येत नाही.

येथील ‘नोमा’चे उदाहरण घेते. २००३ साली सुरू झालेल्या या रेस्टॉरंटने २०१० पासून पाच वेळा जगातील सर्वोत्तम ५० रेस्टॉरंटांच्या यादीत पहिले स्थान मिळवले. समुद्रकाठच्या रानटी वनस्पती, दगडफूल, अगदी मुंग्यासुद्धा, अशा ज्या गोष्टी आधी कोणी मेजवानीच्या लायकीच्या मानल्या नव्हत्या, त्या तेथील मुख्य आचारी रेने रेड्झेपी यांनी ताटात मानाने आणल्या. त्यामुळे या थंड प्रदेशाला स्वतःच्या मातीकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाली, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पण त्या ताटामागे अनेक वर्षे बिनपगारी उमेदवारांचे, म्हणजे काम शिकायला आलेल्या तरुणांचे, श्रम होते. तेथे काम केलेल्या एका मुलीने नंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितले की, तिचे तीन महिने मुख्यतः फळांच्या वाळवलेल्या गरापासून भुंग्यांचे आकार बनवण्यात गेले. ऑक्टोबर २०२२ पासून नोमाने उमेदवारांना वेतन देणे सुरू केले आणि त्यामुळे दरमहा किमान ५०,००० डॉलरचा खर्च वाढला. पुढे तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, रेड्झेपी यांनी नेहमीचे रेस्टॉरंट बंद करून त्याची अन्न-प्रयोगशाळा करण्याचा बेत जाहीर केला. या पद्धतीचे रेस्टॉरंट आर्थिकदृष्ट्या आणि भावनिकदृष्ट्याही टिकणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. केवळ वेतनामुळेच तो निर्णय झाला असे मी म्हणणार नाही. तरीही एवढे पैसे घेऊनही सगळ्या हातांना रास्त मजुरी देणे जड जात असेल, तर मायदेशी ज्याला आपण ‘अवाच्या सवा’ म्हणतो ते बिल खऱ्या खर्चापेक्षा कमी होते, हे मान्य करावे लागते.

ही गोष्ट एकट्या नोमाची नाही. स्पेनमधील रोसेसजवळच्या ‘एल बुली’ या रेस्टॉरंटात आचारी फेरान आद्रिया वर्षातून जेमतेम सहा महिने पाहुण्यांना जेवू घालत आणि उरलेला काळ नव्या पदार्थांच्या शोधात घालवत. एका हंगामात सुमारे ८,००० जागा आणि त्यांसाठी लाखो अर्ज, अशी स्थिती असूनही ते रेस्टॉरंट अनेक वर्षे तोट्यातच होते. पुस्तके आणि व्याख्याने यांच्या उत्पन्नावर ते चालले आणि जुलै २०११ मध्ये बंद झाले. तेथेही प्रत्येक हंगामात अनेक तरुण केवळ शिकायला मिळते म्हणून राबत असत. शिकणे खरेच मिळत होते, आणि म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही.

सगळ्या महागड्या जेवणांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. सोन्याच्या वर्खाला चव नसते आणि तो शरीरात न पचता बाहेर पडतो. तेथे पैसे दिसण्याचे आहेत. टोकियोच्या टोयोसू बाजारात जानेवारी २०१९ मध्ये २७८ किलोचा एक ट्यूना मासा ३३ कोटी ३६ लाख येनला विकला गेला. वर्षातील पहिल्या लिलावाच्या मानाची ती किंमत होती, माशाच्या चवीची नव्हे. याउलट लिमामधील ‘सेंट्राल’ या रेस्टॉरंटात विर्हिलिओ मार्तिनेस आणि पिया लेओन हे आचारी पेरू देशाची उंची ताटात मांडतात: एक पदार्थ समुद्रपातळीखालचा, तर दुसरा अँडीज पर्वतात ४,००० मीटरहून अधिक उंचीवर पिकणाऱ्या गोष्टींचा. तेथे पैसे ज्ञानाचे आहेत, आणि ते ज्ञान जपणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत त्यांतला वाटा पोहोचतो की नाही, हे विचारण्याजोगे आहे.

आता भुकेल्यांचा मुद्दा. तो मी झटकून टाकत नाही. आमच्याच शहरातील ‘अल्केमिस्ट’ या रेस्टॉरंटात उपासमारीवर एक पदार्थ वाढला जात असे: चांदीच्या बरगड्यांच्या सांगाड्यावर पसरलेली मांसाची पातळ चकती. हेतू चांगला असेल, परंतु हजारो क्रोन मोजलेल्या माणसाला क्षणभर अस्वस्थ करून भुकेलेल्याच्या हाती काहीच पडत नाही. इटलीतील आचारी मास्सिमो बोत्तुरा यांनी २०१५ मध्ये मिलानमधील एका ओसाड नाट्यगृहात सुरू केलेले ‘रेफेत्तोरिओ’ हे भोजनगृह मला म्हणूनच अधिक मोलाचे वाटते. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनातून उरलेले अन्न नामवंत आचाऱ्यांनी रांधले आणि बेघर लोकांना टेबलावर सन्मानाने वाढले. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घरांमधून गेले. बारा आसनांच्या रेस्टॉरंटवर संतापणाऱ्यांनी आपल्या शीतकपाटातही एकदा डोकवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मागच्या महिन्यातल्या वादात सर्वांत कडक शब्द माझ्या वहिनींचे होते. असल्या जेवणावर पैसे उधळणाऱ्यांना लाज वाटायला हवी, असे त्यांनी लिहिले होते. त्यानंतर पंधरवड्यातच त्यांचा फोन आला. भाच्याला युरोपातील एका नामांकित स्वयंपाकघराने तीन महिन्यांच्या उमेदवारीसाठी बोलावले आहे, पगार नाही, राहण्याची सोय स्वतःची. ‘‘नाव एवढं मोठं आहे, तर पाठवावं ना हो त्याला?’’ असे त्या विचारत होत्या. मी त्यांना खोलीचे भाडे सांगितले, बारा-चौदा तास उभे राहून केलेल्या कामानंतर माणसाची काय अवस्था होते तेही सांगितले, आणि त्याच वेळी हेही कबूल केले की, असल्या स्वयंपाकघरात तीन महिन्यांत जे पाहायला मिळेल ते एरवी दहा वर्षांतही मिळणार नाही. त्यांच्या आवाजातील अभिमान मला कळत होता आणि तो मला मोडायचा नव्हता.

शेवटी मी भाच्यालाच सांगितले की, त्या स्वयंपाकघराला तीन गोष्टी लेखी विचार: रोजचे तास किती, कोणत्या विभागात काम, आणि वेतन का नाही. त्याने गेल्या सोमवारी पत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.