मस्टँगच्या पंखावरच्या काळ्या रेघा: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मग मॉडेल शेल्फवरून काढून टेबल लॅम्पखाली धरलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की माझ्या १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या) पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या पंखांवर फरशीच्या सांध्यांसारख्या काळ्या रेघा दिसतायत, खऱ्या विमानावर असं काही नसतं आणि शेडिंग, म्हणजे सांधे गडद आणि मधला भाग फिका रंगवणं, ही निव्वळ फॅशन आहे. पहिल्या दोन गोष्टी मान्य, तिसरी नाही.

पंखाबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर. मस्टँगचा पंख लॅमिनार फ्लोचा, त्यावरून हवा विनाअडथळा वाहावी म्हणून पुढच्या साधारण ४० टक्के भागातले सांधे आणि रिव्हेट फॅक्टरीतच पुट्टीने भरून, घासून, वर सिल्व्हर रंग मारायचे. म्हणजे किटमध्ये तिथे खाच कोरलेली असली तरी ती बुजवायची असते, आणि मी नेमका तिच्यातच काळा वॉश (खाचेत सोडायचा पातळ रंग) भरला. विमानाबद्दल वाचून मग रंगाला हात लावायला हवा होता, ते राहिलं.

हिशोबही तुमच्याच बाजूने आहे. किटवरची ०.३ मिमीची खाच ७२ ने गुणली की २१.६ मिमी होते, एवढ्या फटीत बोट जाईल! आणि मॉडेल ३० सेंमीवरून बघणं म्हणजे खरं विमान साधारण २२ मीटरवरून बघणं, तिथून दोन पत्र्यांमधला सांधा कुठला दिसायला.

पण तिथून पत्रा दिसतो ना! तो पातळ असतो, आत रिब (आधाराची पट्टी) असेल तिथे ताठ राहतो आणि मधे किंचित फुगतो नाहीतर दबतो, त्यामुळे एकाच पॅनलवर (पत्र्याच्या तुकड्यावर) ऊन चार ठिकाणी चार तऱ्हेचं पडतं. प्लॅस्टिक मात्र ठार सपाट, त्यावर एकच रंग मारला की खेळणं वाटतं, म्हणून पॅनलच्या मधे बेस कोटचाच थोडा फिका रंग एअरब्रशने अगदी पातळ मारायचा, तोही सगळीकडे सारखा नाही. आणि खऱ्या विमानांवर डाग-पट्टे नसतातच असंही नाही. अमेरिकन नेव्हीची १९८० च्या दशकातली राखाडी एफ-१४ लढाऊ विमानं बघा, समुद्रावर गंज धरू नये म्हणून सांध्यांवर आणि फास्टनर्सवर परत परत रंगाचं टच-अप केलेलं असायचं, तिथे पॅनल लाइनच्या कडेने गडद-फिके पट्टे अगदी उघड दिसतात. उलट ब्रिटिश हरिकेन विमानाच्या मागच्या अंगाला कापड, तिथे पत्र्याचे सांधेच नाहीत.

माझी खरी चूक सगळ्या रेघा एकसारख्या केल्या ही. आता प्रत्येक रेघेपाशी थांबून बघतो, की हे उघडतं का? एलेरॉन, फ्लॅप, रडर या पंख-शेपटीच्या हलणाऱ्या भागांच्या कडेला खरी फट असते, तिथे गडद तपकिरी वॉश. गन बेची (पंखातल्या बंदुकांच्या कप्प्याची) झाकणं आणि काउलिंग (इंजिनावरचं आवरण) सारखी उघडली जातात, तेलकट हात लागतात, तिथे मध्यम. जे रिव्हेट मारून कायमचं बंद आहे तिथे बेस रंगापेक्षा एखादी छटा गडद, बास.

वॉश पुसतानाही गडबड झाली होती. ग्लॉस कोटवर (चकचकीत थरावर) ब्रशचं टोक नुसतं टेकवलं की वॉश खाचेतून आपोआप धावतो, तो थोडा सुकला की इअरबड थिनरमध्ये जेमतेम ओला करून पुसायचा, पण पंखावर पुढून मागे, हवा जाते तसा, म्हणजे जो पुसट थर उरतो तो मळ ओघळल्यासारखा दिसतो. मी आडवातिडवा पुसला होता, त्यामुळे रेघांच्या भोवती तो धुरकट पट्टा राहिला, जो तुम्हाला खटकला.

काल डावा पंख परत करायला घेतला. पुढच्या खाचा सरफेसरने (खाचा बुजवणाऱ्या जाड प्रायमरने) भरल्या, १००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासल्या, सिल्व्हर मारला, गन बेची झाकणं आणि फ्लॅप-एलेरॉनच्या कडा तेवढ्या ठेवल्या. उजवा मुद्दाम तसाच ठेवलाय. दोन्हींचा एकाच लॅम्पखाली फोटो टाकतोय. बघून सांगा, गन बेची रेघ मला अजून थोडी जड वाटतेय.