घरी पिझ्झा होत नाही म्हणे! (त्या फिरणाऱ्या मेसेजचा समाचार)

सध्या एक लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच, शाळेच्या ग्रुपवर नाहीतर सोसायटीच्या. "घरी पिझ्झा पार्टी करणाऱ्यांनो सावधान" असा काहीसा मथळा आणि खाली सहा मुद्दे. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: पिझ्झाला ४५० डिग्री लागतात, घरच्या ओव्हनमध्ये होतच नाही. इटालियन ‘झिरो-झिरो’ पीठ नसेल तर तो पिझ्झाच नाही, आणि आपला मैदा तर विष. यीस्ट पोटात जाऊन फुगतं. मोझरेला म्हणजे प्लास्टिक, विश्वास नसेल तर काडी लावून बघा. यजमान रात्रभर किचनमध्ये अडकतो आणि पाहुणे हॉलमध्ये उपाशी. आणि शेवटी काय, तर बाहेरून मागवलेला स्वस्त पडतो, म्हणून घरी करणं हा निव्वळ शो-ऑफ.

आता मला सांगा, मैदा विष आणि चीज प्लास्टिक, तर बाहेरून मागवलेल्यात काय राजगिरा असतो का? दुसरा-चौथा मुद्दा खरा धरला तर सहावा पडतो, सहावा धरला तर ते दोन्ही पडतात, पण एवढं वाचून कोण फॉरवर्ड करतंय. असो, एकेक घेऊ.

४५० डिग्रीवाला मुद्दा. हा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच लोकांना पटतो. नेपल्सचा जो पिझ्झा आहे, मऊ, कडा फुगलेल्या, वर काळे ठिपके, तो लाकडाच्या भट्टीत ४०० च्या बऱ्याच वर ६० ते ९० सेकंदात होतो, त्याचे नियम सांभाळणारी संघटनाच आहे तिकडे, १९८४ सालची, आणि ती भट्टी चालवणाऱ्यांची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या ओटीजीचं, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनचं, बटण २३० नाहीतर २५० ला संपतं. म्हणजे नेपल्सचा पिझ्झा घरी होत नाही, मान्य, एकदम मान्य. पण म्हणून पिझ्झाच होत नाही हे कुठून आलं? खुद्द रोममध्ये लोखंडी ट्रेमध्ये, इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये भाजलेला पिझ्झा कात्रीने कापून वजनावर विकतात, पिझ्झा अल तालियो म्हणतात त्याला, आणि अमेरिकेत डेट्रॉइटला चौकोनी जाड ट्रेमधला पिझ्झा १९४६ पासून चालू आहे. घरी तंदूर नाही म्हणून फुलक्याला कोणी नकली रोटी म्हणत नाही ना!

फरक कशाने पडतो ते बघा. भट्टीत दीड मिनिटात काम संपतं त्यामुळे पिठातलं पाणी आतच राहतं, पिझ्झा मऊ. घरी २५० ला आठ-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात पाणी उडतं, आणि मग भट्टीच्या रेसिपीने मळलेलं पीठ घरी भाजलं की टोस्ट होतो, लोक म्हणतात ओव्हन खराब. ओव्हन खराब नाहीये, रेसिपी दुसऱ्या ओव्हनची आहे. घरच्या पिठात थोडं तेल घाला, चमचाभर साखर घाला (नेपल्सच्या नियमात दोन्ही बसत नाही, बसू नये, त्यांना गरजच नाही), म्हणजे कमी आचेवर रंगही येतो आणि कुरकुरीत होऊनही आतून वाळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओव्हनमधला ट्रे उलटा घालून तो पाऊण तास तापू द्या, दहा मिनिटं नाही, पाऊण तास, दिवा विझला म्हणजे हवा तापली, लोखंड नाही. बिडाचा तवा असेल (मूठही लोखंडीच हवी हां, लाकडी-प्लास्टिकची नको) तर तो गॅसवर कडक तापवून त्यावर बेस टाका, सॉस-चीज घाला, खालून दोन मिनिटांत भाजला की तवा उचलून ओव्हनमध्ये वरच्या रॉडखाली. हे जमलं की खालून करपट डाग आणि वरून बुडबुडे दोन्ही मिळतात.

ओव्हनच नाही? तरी होतो. बेस तव्यावर एका बाजूने भाजायचा, उलटायचा, भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज, झाकण, मंद आच, चार-पाच मिनिटं. कडेला भट्टीसारखे फुगे येणार नाहीत पण खालून मस्त होतो. फक्त नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर करू नका, तिथे बेस चिवट होतो, त्याला इलाज नाही. कन्व्हेक्शन (गरम हवेचा मोड) असेल तर वेगळी गोष्ट.

याच मुद्द्याच्या पोटात एक टोमणा आहे, की लाटण्याने लाटलेला तो पराठा, पिझ्झा नाही. अहो रोममधला जो पातळ, कुडकुडीत, गोल पिझ्झा असतो तो लाटण्यानेच लाटतात. जाड फुगीर कड हवी असेल तर लाटणं नको कारण कडेची हवा निघून जाते, पातळ हवा असेल तर पोळपाट-लाटणं काढा. पोळ्या करणाऱ्या हाताला हे शिकवायची गरजच नाही, मेसेजवाल्याने पोळी लाटलेली दिसत नाही.

पिठाचं. ‘झिरो-झिरो’ म्हणजे काही जादूचा गहू नाही. इटलीत पिठाची वर्गवारी कोंडा किती काढलाय यावर आहे, पीठ जाळल्यावर राख किती उरते ते मोजतात, सगळ्यात कमी राख ती झिरो-झिरो, ०.५५ टक्क्यांच्या आत. त्यात ताकद किती, म्हणजे प्रोटीन किती, हे त्या आकड्यावरून कळतच नाही, केकचंही झिरो-झिरो असतं आणि पिझ्झाचंही. आपला मैदा पण कोंडा काढलेलाच. पाकिटावर मागे प्रोटीन लिहिलेलं असतं, १०० ग्रॅममागे १०-११ ग्रॅम दिसलं की घ्या, झालं. आणि उलट सांगते, ते महागाचं इम्पोर्टेड भट्टीवालं पीठ घरच्या २५० डिग्रीला फिकट राहतं, कारण ते बनवलेलंच आहे जबरदस्त आचेत चटकन करपू नये म्हणून. पैसे देऊन फिकट पिझ्झा.

"मैदा विष" याच्यासाठी ॲलोक्सन नावाच्या रसायनाचं नाव घेतात, ते मैद्यात असतं म्हणे. ॲलोक्सन टोचून प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह करतात हे खरंय, पण ते इंजेक्शन आणि तो डोस वेगळा, त्यावरून मैदा खाल्ला की डायबेटीस असं सिद्ध होत नाही. मैद्यात फायबर फारसं नाही, रोज खायची गोष्ट नाही, एवढं बोला, त्याला माझी ना नाही. ज्या पोटॅशियम ब्रोमेटबद्दल खरी काळजी होती ते ब्रेड-बेकरीत वापरायचे आणि २०१६ मध्ये एफएसएसएआयने (आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) ते परवानगीच्या यादीतून काढलं. तुमच्या घरच्या परातीत ते कोणी घालत नाही. कणीक घालायची असेल तर पाव हिस्सा घाला, पाणी थोडं वाढवा, छान लागतो. पूर्ण कणकेचा मात्र करू नका आणि केलात तर त्याला पिझ्झा म्हणून मला बोलवू नका.

यीस्ट. पटकन संपवते. यीस्ट ५५-६० डिग्रीला मरतं, भाजताना बेसच्या आतलं तापमान नव्वदच्या पुढे जातं. मेलेलं यीस्ट पोटात काय फुगणार? आणि "परदेशी केमिकल" म्हणणाऱ्यांनी गोव्यातल्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारा, पिढ्यान् पिढ्या माडाच्या सुरेवर पाव फुगवले त्यांनी, त्या सुरेतही यीस्टच. पोट जड होतं ते सहा स्लाईस, डबल चीज आणि वर अर्धा लिटर कोल्ड्रिंकने.

चीजला काडी लावायचा व्हिडिओ तर फारच फेमस. चीजमध्ये फॅट आहे, प्रोटीन आहे. फॅट जळणारच, धूर काळा येणारच, आणि प्रोटीन जळालं की केस जळल्यासारखा वास येतो, प्लास्टिक नाही ते. भेसळीची खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती काडीने कळत नाही: पामतेलावर बनवलेलं ‘ॲनालॉग’ मिळतं बाजारात, स्वस्त असतं, ते ओळखायचं पाकिटावरची घटकांची यादी वाचून. सुट्टं घेऊ नका, ब्लॉक घ्या, घरी किसा. क्यूबवालं प्रोसेस्ड चीज वितळतं पण तार येत नाही, त्यात मुद्दाम तसे क्षार असतात, त्यामुळे तार आली नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. पाण्यातला ताजा मोझरेला घरच्या ओव्हनला नकोच, पाणी सुटतं. आणि एक गोष्ट जी मेसेजमध्ये असायला हवी होती आणि नाहीये, शाकाहारी मित्रांसाठी हौसेने इटलीचं अस्सल पार्मेजान किसत असाल तर थांबा, त्याला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) लागतं, हिरवा ठिपका बघून घ्या.

आता तो पाचवा मुद्दा, यजमान किचनमध्ये अडकतो. सहांपैकी हा एकच मला खरा लढायच्या लायकीचा वाटतो, कारण बहुतेक घरांत असंच होतं आणि बहुतेक वेळा अडकते ती बाईच. पण का होतं? कारण पाहुणे यायच्या दोन तास आधी पीठ मळायला घेतात. पिझ्झा हा आदल्या दिवशीचा पदार्थ आहे. आठ माणसांचा हिशोब देते: एक किलो मैदा, ६२० मिली गार पाणी, २० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम तेल, साखर चमचाभर, इन्स्टंट यीस्ट फक्त दोन ग्रॅम. एवढंसं यीस्ट बघून घाबरायला होतं पण रात्रभर फ्रीजमध्ये ते निवांत काम करतं, चव पण त्यानेच येते, पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ठेवलंत तर ओट्यावर उतू आलेलं सापडेल. त्याचे अडीचशे ग्रॅमच्या जरा आतले सात गोळे होतात, नऊ-दहा इंची सात पिझ्झे, सहा-सहा तुकडे केले तर ४२, म्हणजे माणशी पाच. भरपूर झालं.

पुढचा भाग लोकांना माहीतच नसतो. ओटीजीत एका वेळी एकच पिझ्झा मावतो, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर सात पिझ्झ्यांना सत्तर मिनिटं, आणि मध्ये दार उघडून उष्णता जाते ती वेगळी. म्हणून पाहुणे यायच्या आधी, पाच-सहाच्या सुमारास, सगळे बेस नुसता सॉस लावून चार-चार मिनिटं भाजून घ्यायचे आणि जाळीवर गार करायचे, एकावर एक ठेवायचे नाहीत, वाफेने ओले होतात. रात्री फक्त टॉपिंग घालून पाच-सहा मिनिटं. सात पिझ्झे पाऊण तासात, आणि तो पाऊण तास ओव्हनपाशी तुम्हीच उभं राहायचं असं कुठे लिहिलंय? बेस, वाट्या आणि किसलेलं चीज डायनिंग टेबलवर मांडा, ज्याने त्याने आपला पिझ्झा सजवायचा, ओव्हनचा टायमर सांभाळायचं काम सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला द्यायचं. जैनवाला आपला कांदा-लसूण नसलेला करतो, श्रावण पाळणारा आपला करतो, कोणाला काय चालतं ते विचारत बसायला लागत नाही. शाकाहारी आधी, चिकनवाले शेवटी, ट्रे वेगळा. (सॉसमध्ये लसूण घातला असेल तर जैन मंडळींचा सॉस वेगळा काढून ठेवा, हे हमखास विसरतं.)

दोन नियम मात्र हुकूमशहासारखे पाळायचे. एका पिझ्झावर तीनच टॉपिंग, कारण कॉर्न, ढोबळी, मशरूम, पनीर, ऑलिव्ह सगळं रचलं की मध्ये तळं होतं आणि बेस खाली लोंबतो. आणि मशरूम, ढोबळी, कांदा आधी तव्यावर कोरडं परतून पाणी काढून घ्यायचं. सॉसचंही तेच, इटलीत टोमॅटो नुसता कुस्करून कच्चाच लावतात पण आपले बाजारातले टोमॅटो आंबट आणि पाणचट, त्यांना आटवल्याशिवाय पर्याय नाही. आणि सगळे पिझ्झे होईपर्यंत थांबायचं नाही, निघाला की कात्रीने कापा, उभ्या-उभ्या खा, पुढचा येतोच आहे.

राहिला स्वस्ताचा मुद्दा. खर्च खरा चीजचा, पिझ्झामागे ९० ग्रॅम धरलं तर सातांना साधारण ६३० ग्रॅम, मैदा-यीस्ट-टोमॅटो त्यापुढे किरकोळ. वीज म्हणाल तर २००० वॉटचा ओव्हन तासभर सलग चालला तरी दोन युनिट, आणि तापल्यावर थर्मोस्टॅट मधे-मधे बंद करतोच. एकावर एक फ्री ऑफर असेल, दोघंच असाल, तर मागवलेला स्वस्त पडेल, खुशाल मागवा, त्यात कसली आलीये लाज. आठ माणसांना पोटभर मागवून बघा आणि डिलिव्हरी-पॅकिंग धरून बिल त्या मेसेजवाल्यालाच पाठवा. एखाद-दुसरा गोळा उरलाच तर तेल लावून डब्यात फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी कलौंजी आणि कोथिंबीर दाबून तव्यावर कुलचा, सोबत छोले असले तर बरंच.