‘एचटीएमएल-सीएसएस मेलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला, सगळे लातूर, नांदेड, परभणीकडच्या पोरांचे. मजकूर थोडक्यात असा: साधं एचटीएमएल-सीएसएस (पानाचा सांगाडा आणि त्याचं रूप लिहायच्या भाषा) मेलं, रिअ‍ॅक्टशिवाय (ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेतली तयार लायब्ररी) वेबसाइट बनत नाही, त्यासाठी १६ जीबी रॅमचा लॅपटॉप लागतोच, आणि हे शिकायला पुणं गाठावंच लागतं. तो वाचून माझ्याकडं शिकणाऱ्या एका पोरानं लॅपटॉपसाठी घरचं सोयाबीन पडत्या भावात विकायची गोष्ट काढली. म्हणून हे लिहितोय.

आधी ‘मेलं’ हा शब्द. पानाची मांडणी आडव्या-उभ्या चौकटींत करणारं सीएसएसचं ग्रिड २०१७च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत आलं. बाहेरच्या डब्याच्या मापाप्रमाणं आतलं रूप बदलणारी कंटेनर क्वेरी २०२३च्या फेब्रुवारीपासून तिन्हींत चालते. आत काय आहे ते पाहून बाहेरच्या डब्याचं रूप बदलायला आम्ही जावास्क्रिप्ट लिहायचो. ते काम आता सीएसएसचा ‘हॅज’ सिलेक्टर करतो, आणि २०२३च्या डिसेंबरात फायरफॉक्सनंही तो घेतला. मेलेली गोष्ट अशी वाढत नसते.

दुसरा दावा रिअ‍ॅक्टचा. पूर्णा तालुक्यातला एक मुलगा ४ जीबीचा लॅपटॉप घेऊन आला. मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं भावाचं पान त्यानं केलं होतं: सोयाबीन, तूर, हरभरा, हळद, क्विंटलचा भाव, आणि नावावर बोट ठेवलं की उघडणारी एक चौकट. त्या चौकटीसाठी त्यानं रिअ‍ॅक्ट आणि वर तयार कोडचं एक पॅकेज घातलं होतं. आम्ही दोघांनी बसून ते काढलं आणि एचटीएमएलचा ‘डायलॉग’ टॅग टाकला. हा टॅग २०२२च्या मार्चपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. जावास्क्रिप्टमधून ‘शोमोडल’ म्हटलं की चौकट उघडते, एस्केप दाबलं की मिटते, आणि ती उघडी असेपर्यंत मागच्या पानाला हात लागत नाही. मग क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग ३जीवर आणून दोन्ही पानं शेजारी उघडली. जुन्यात पांढरा पडदा तसाच होता, नव्यात भाव दिसलेसुद्धा. शेतात नेटवर्कची एक काडी असलेल्या माणसाला हाच फरक लागतो. रिअ‍ॅक्ट १८ त्याला पानाशी जोडणाऱ्या डॉम पॅकेजसह, कॉम्प्रेस करूनही, ४० केबीच्या वर जातं. ते नुसतं उतरवून भागत नाही, स्वस्तातल्या फोनला ते चालवावंही लागतं.

रिअ‍ॅक्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पडद्यावर क्षणाक्षणाला पन्नास गोष्टी बदलत असतील तर ते घ्याच, आणि नोकरीच्या जाहिरातींत ते मागतात हेही खरं. पण ब्राउझर स्वतः काय करतो ते आधी कळलं, तर रिअ‍ॅक्ट शिकायला निम्मा त्रास होतो, हा माझा अनुभव आहे.

लॅपटॉपचं उत्तर छोटं आहे. कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड, त्याची स्वतःची मागणी १ जीबी रॅमची आहे. ४ जीबीवर तो आणि क्रोम मिळून शिकण्यापुरते नीट चालतात. सोयाबीन विकू नका.

पुण्याचंही तसंच. एमडीएन ही वेबच्या भाषा समजावणारी साइट फुकट आहे, आणि क्रोममधल्या डेव्हटूल्स या तपासणीच्या खिडकीतलं लाइटहाउस तुमचं पान कुठं अडतंय ते दाखवतं. सोबत चार पोरं आणि चूक दाखवणारा एक माणूस हवा, तो जिंतूरलाही मिळतो.

त्या मेसेजात मराठीचा मात्र उल्लेखच नाही. आपलं गिऱ्हाईक मराठी वाचतं. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, म्हणून सर्व्हरवर जीझिप (मजकूर दाबून पाठवायची सोय) चालू आहे का ते बघा. अक्षरांत अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. भाव लाखांच्या स्वल्पविरामासह मराठी आकड्यांत दाखवायला कुठलंही पॅकेज लागत नाही, ब्राउझरमधल्या ‘इंटल’ या आकडे-तारखा मांडायच्या सोयीला ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) सांगितलं की पुरे. आणि एचटीएमएलमध्ये पानाची भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहाच. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत तेवढ्यानं हिंदी वळणाचा ‘ल’ जाऊन आपला पाकळीचा ‘ल’ येतो. आडत्याच्या पानावर तो बदल केला तेव्हा ‘हळद’, ‘तूर’ तशीच राहिली, पण दुकानाच्या नावातला ‘लक्ष्मी’ बदलला. मालकानं फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, “आता पाटीवरच्यासारखं दिसतंय.”