ताप आणावा लागतो

डिसेंबर उजाडला की तुमच्या मुलाला ताप आलाच पाहिजे. दत्तजयंतीला खानदेशात सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो आणि शाळेचं दुसरं सत्र तेव्हाच कुठे रुळावर आलेलं असतं. अशा वेळी 'यात्रेला नेतोय, तीन दिवस सुट्टी द्या' असं हेडसरांना सरळ सांगणारा पालक मी अजून पाहिलेला नाही. तुम्हीही पहिला नंबर लावू नका. चिठ्ठी लिहा. सुरुवात 'माझ्या पाल्यास' अशीच करा. घरी त्याला काय वाटेल ते म्हणत असा, चिठ्ठीत तो पाल्य असतो. ताप लिहा, जुलाब नको. तापाला पुरावा लागत नाही आणि चौथ्या दिवशी पोरगं टवटवीत दिसलं तरी कुणी हटकत नाही.

फक्त पोराला पढवून ठेवा. माझ्याकडून ते राहिलं होतं. बाईंनी चिठ्ठी वाचून मायेनं विचारलं, "आता बरं वाटतंय का रे?" चिरंजीव भर वर्गात म्हणाले, "बाई, आम्ही घोडा देखाले गयतूत!" बाईंनी चिठ्ठीची घडी करून हजेरीपटात ठेवली. संध्याकाळी गेटवर भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "गर्दी कितपत आहे हो? रविवारी जायचं म्हणतोय आम्ही."

तापाचं वेळापत्रक जूनमध्येच करून टाका. श्रावणात कानबाई देवी रविवारी घरात बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन, म्हणजे सोमवार गेला. पुढे तिच्या नैवेद्याचे रोट उरतात. ते भाऊबंदकीबाहेर द्यायचे नसतात आणि टाकायचेही नसतात, तेव्हा घरातलं एकेक तोंड कामाचं, मंगळवारही धरा. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागतात. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठरते ती नेमकी शनिवारी, सकाळच्या शाळेच्या दिवशी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी शाळा सुटायची वाट बघत नाहीत.

कुणी कायदा दाखवला तर तुम्हीही दाखवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस आहेत खरे, पण ते शाळेनं भरवायचे. तुमच्या पाल्यानं तितके दिवस बसायचं, असं त्यात कुठे आहे? दहावीला मात्र बोर्ड 75 टक्के हजेरी मागतं, म्हणून सगळ्या यात्रा नववीच्या आत उरकून घ्या. इंग्लंडात जन्मला नाहीत हे नशीब समजा. तिथे शाळेला न विचारता पोराला आठवडाभर फिरायला नेलं तर ऑगस्ट 2024 पासून 80 पौंड दंड बसू शकतो, 21 दिवसांत न भरला तर 160. आईला वेगळा, बापाला वेगळा, आणि दर पोरामागे. आपल्याकडे आला तर लोक ती पावती आहेराच्या वहीत मांडतील आणि पुढच्या लग्नात वसूल करतील.

आता एक पथ्य. दिवाळीच्या आगेमागे कपाशी फुटली की वर्गात काही जागा रिकाम्या होतात. त्यांची चौकशी करू नका. माझे एक शिक्षक मित्र करतात, आणि पस्तावतात. एकदा ते असेच बांधावर जाऊन उभे राहिले. बाप म्हणाला, "काय करू सर, येचाले मानूस भेटत नही." पलीकडे त्यांच्याच वर्गातली, चौथीतली मुलगी कमरेला ओटी बांधून सरीतून सरकत होती. बोंडांची वाळलेली टोकं लागून बोटं ओरखडलेली. अशा घरच्या मुलींनी शाळेत यावं म्हणून सरकारनं 1992 साली दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता ठरवला होता. कापूस किलोवर मोजतात, आणि किलोला रुपयाहून बरेच जास्त सुटतात.

सरांना पाहून ती उभी राहिली. घाबरून म्हणाली, "सर, चिठ्ठी लागस का?"

सर नाही म्हणाले. हजेरीपटात रोज तिच्या नावापुढे गैरहजर लिहितात, कारणाचा रकानाच नाही.

तुम्ही मात्र चिठ्ठी चुकवू नका. अक्षर नीट काढा, खाली 'आपला विश्वासू' लिहा. ताप तीन दिवसांचा. घोडेबाजार रंगला तर पाच.