घेऊन जा गे मारबत, आमच्या लेआउटचे कुत्रे!

मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करायचा असेल तर आधी एक लिटरची रिकामी बाटली शोधा. तिच्यात पाणी भरा, चिमूटभर कुंकू टाका, झाकण घट्ट लावा आणि बाटली फाटकाला टांगा. लाल पाणी दिसलं की कुत्रं त्या दारात घाण करत नाही, असं शास्त्र आहे. कोणतं शास्त्र, ते विचारू नका. कुत्र्याला लाल रंग नीट दिसतच नाही, निळा आणि पिवळा तेवढा कळतो, असं जनावरांच्या डोळ्यांचा अभ्यास करणारे म्हणतात. पण त्यांच्या दारात कोण बसतं ते आधी बघून यावं लागेल. आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या लेआउटमध्ये बावीस घरं आणि एकोणीस बाटल्या आहेत. तिघांनी कुंकवाऐवजी नीळ टाकली. त्यांच्या बाटलीकडे कुत्रे निदान थांबून बघतात तरी.

आमच्या बाटलीखाली काळू झोपतो. तिच्यापासून लांब कुठं जायचं, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

बाटलीनं भागलं नाही तर मुख्य सूत्राकडे वळा. प्रश्न सोडवणं म्हणजे तो पुढच्या लेआउटमध्ये पोचवणं. नागपूरकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी भागात काळी मारबत आणि पिवळी मारबत या बायांच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, असतात आणि १८८० च्या दशकापासून आपण एका सुरात ओरडत आलोय, 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!' कुठे घेऊन जा, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. वेशीबाहेर. वेशीबाहेर कोण राहतं, ते मारबतीनं बघावं.

तेव्हा यंदा वर्गणी काढा आणि कुत्र्याचा बडग्या करा. चांगला बारा फुटी, दात दाखवणारा, गळ्यात पाटी. फक्त त्या दिवशी पंचांग उघडू नका. मारबतीचा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, आणि भादवा हा कुत्र्यांचा महिना आहे हे मराठीत शिवी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे आपण इतवारीत 'घेऊन जा' म्हणून घसा फोडत असतो, तेव्हा इकडे लेआउटमध्ये पुढच्या तुकडीची तयारी सुरू झालेली असते. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. मोजून बघा, भाऊबीज आटोपते न आटोपते तोच कुठल्या तरी बांधकामाच्या रेतीत पाच-सहा पिल्लं डोळे मिटून पडलेली असतात. (मधल्या पितृपंधरवड्यात कावळा, गाय आणि कुत्रा यांचं पान काढायला विसरू नका. आजोबांना पोचलं पाहिजे. पान खाणारा तोच, ज्याला आपण पंधरा दिवसांपूर्वी बडग्या करून जाळला, हे आजोबांना सांगायची गरज नाही.)

आता जेवणाकडे वळू. कुत्रे काय खातात, हा प्रश्न फार जणांना पडतो. उत्तर रविवारी दुपारी मिळतं. सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लावा, घरी सावजी मसाल्याचा रस्सा करा, घाम पुसत जेवा आणि हाडं पॉलिथिनमध्ये भरून पिशवीला दोन गाठी मारा. कचरागाडी सकाळीच येऊन गेलेली असते. तिचं गाणं वाजत होतं तेव्हा आपण रांगेत होतो. उद्यापर्यंत पिशवी घरात ठेवली तर वास येईल. म्हणून कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर जा. प्रत्येक लेआउटला असा एक प्लॉट असतो आणि त्याचा मालक पुण्याला असतो. स्कूटी थांबवू नका, चालत्या गाडीवरूनच डाव्या हातानं सोडा. पिशवी जमिनीवर टेकायच्या आत काळू हजर असतो. आमच्याकडच्या एका काकांचा नेम इतका पक्का आहे की गाडीचा वेग तसूभर कमी होत नाही. संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांत कडक मेसेज त्यांचाच असतो : 'इथे कुत्रे इतके का वाढून राहिले? कोणी लक्ष देणार आहे का?'

हौशीचा कुत्रा ही वेगळी गोष्ट. तो मोकाट नसतो, निदान पहिली दोन वर्षं नाही. त्यासाठी हस्की घ्या. बर्फावर गाडी ओढणारी जात आहे, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की, ती अगदी शोभून दिसते. आमच्या ओळखीत एकाकडे होता. दुपारभर कूलरच्या पुढे पाय पसरून पडायचा, वाळ्याच्या ताटीतून गळणारं पाणी चाटायचा. घरातली आजी खाटेवरून म्हणायची, 'हवा त्याले लागते, मले काय लागते?' पिल्लू होतं तोवर मुलांच्या वाढदिवसाच्या प्रत्येक फोटोत. मग ते मोठं झालं, केस गळायला लागले, मुलीची दहावी आली. एका संध्याकाळी सगळे फुटाळ्याला फिरायला गेले. परतताना गाडीत एक जागा रिकामी होती.

तुम्हीही तसंच करा. मनाला लावून घेऊ नका. 'तिथं तलाव आहे, पाण्याची सोय होईल,' असं मुलांना सांगा. कायद्याची भीती वाटत असेल तर आकडा ऐका : पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तर्री-पोह्याच्या गाडीवर तुमचं याहून जास्त बिल होतं. हस्कीच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा एवढ्यात येत नाही.

थोडा अभ्यासही हवा. त्यासाठी न्यायालयाचे निकाल अर्धे वाचायची सवय लावा. कोणता अर्धा, ते तुम्ही कोणत्या बाजूचे यावर ठरेल. माल घरचाच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की ज्याला कुत्र्याला खाऊ घालायचंय त्यानं तो दत्तक घ्यावा, महापालिकेत नोंद करावी, आणि उघड्यावर घातलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दत्तकाच्या अटीला स्थगिती दिली. आमच्या ग्रुपवर अर्ध्या लोकांकडे फक्त ऑक्टोबर आहे, अर्ध्यांकडे फक्त नोव्हेंबर. २०२३ चे केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम तर कोणाकडेच नाहीत. कारण त्यात लिहिलंय की खाऊ घालायची जागा आणि वेळ रहिवाशांच्या संघटनेनं ठरवावी, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यापासून लांब. म्हणजे आपणच बसून ठरवायचं! असला नियम फॉरवर्ड करून काय उपयोग?

ऑगस्ट २०२५ नं मात्र सगळ्यांची सोय केली. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचे सगळे भटके कुत्रे निवाऱ्यात ठेवायला सांगितले, तेव्हा आमच्या इकडे पेढे वाटायचं ठरत होतं. २२ तारखेला आदेश बदलला, नसबंदी आणि लस करून होते तिथंच सोडा, पिसाळलेले आणि अंगावर येणारे सोडून. पेढे थांबले. नोव्हेंबरात पुन्हा आदेश आला की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन, क्रीडा संकुलं इथले कुत्रे हलवा आणि परत तिथे आणू नका. तेव्हापासून समोरचे एक गृहस्थ आपल्या घराला 'दवाखाना' अशी पाटी लावता येईल का, याची चौकशी करून राहिले आहेत.

नसबंदीची गाडी आलीच तर काय करायचं, ते नीट समजून घ्या, कारण खरा धोका तिथं आहे. हे काम इतकं कंटाळवाणं आणि इतकं उपयोगी आहे की ते होऊ देणं परवडत नाही. माणसं जाळी घेऊन येतात, कुत्रा नेतात, ऑपरेशन करतात, रेबीजची लस टोचतात, कानाला खूण करतात आणि काही दिवसांनी त्याच चौकात आणून सोडतात. तोच कुत्रा आपली गल्ली राखतो, नवा घुसू देत नाही आणि त्याची पिलावळ वाढत नाही. एका गल्लीतले सगळे झाले तरच याचा अर्थ. एक कुत्री राहिली की वर्षाला दोनदा पाच-पाच, सहा-सहा.

ती एक राखायची कशी, ते आमच्याकडून शिका. गाडी दिसताच कुत्र्यांना रोज पोळी घालणाऱ्या काकू गाउनवर ओढणी टाकून धावत आल्या. 'आमच्या राणीले कायले पकडून राहिले? लय गरीब आहे ते.' त्यांनी फाटक उघडलं, तांबडी राणी आत, फाटक बंद. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं निवृत्त साहेब आले. त्यांची अट वेगळी होती. 'न्या, सगळे न्या, पण वापस नका आणू बाप्पा.' जाळीवाला म्हणाला, 'साहेब, जिथून नेला तिथंच सोडा लागते. नियम आहे तसा.' 'मग कायले नेता?' म्हणून साहेबांनी गाडीपुढे खुर्ची टाकली. काकू आणि साहेब एकमेकांशी चार वर्षं बोलत नाहीत. त्या दिवशी दोघांनी मिळून गाडी रिकामी परत पाठवली. एवढी एकजूट मी त्यांच्यात वर्गणीच्या वेळीही पाहिली नव्हती.

राणीला पाच झाली. तिघांची नावं काकूंनी ठेवली, दोन साहेबांच्या गाडीखाली राहतात.

चावला तर काय करायचं, हे मी स्वानुभवावरून सांगतो. रात्री अकराला सिमेंट रोडवरून लेआउटकडे स्कूटी उतरवली आणि डाव्या पोटरीला काहीतरी अडकलं. पँटला दोन भोकं, खाली दोन लाल ठिपके. दुखायच्या आत सल्ले सुरू झाले. एक म्हणाले चुना लावा. दुसरे म्हणाले तिखट भरा, आणि भरायचंच तर भिवापुरी मिरचीचं भरा, तिला भौगोलिक मानांकन आहे. तिसऱ्यांनी पोटात चौदा इंजेक्शनांची आठवण काढली, जणू काल स्वतः घेऊन आले. ते इंजेक्शन बंद होऊन वीस वर्षं झाली, हे त्यांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. एका काकूंनी विचारलं, 'कुत्रं ओळखीचं होतं का?' ओळखीचं होतं. म्हणून मग सगळ्यांच्या मते काहीच करायची गरज नव्हती.

सल्ले ऐकायचे आणि मान डोलवायची. फक्त गुपचूप मोरीत जाऊन नळाखाली पाय धरायचा, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. दंडात इंजेक्शन : पहिलं लगेच, तो दिवस शून्य धरायचा, मग तिथून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत टोचायचं सीरमही डॉक्टरला विचारायचं. हे कोणाला कळू देऊ नका. लोक म्हणतील घाबरला. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही, त्यामुळे तिखटाचा गुण न आल्याची तक्रार करायलाही सहसा कोणी परत येत नाही.

शेवटचा उपाय आम्ही याच चैत्रात केला. साहेबांनी पुढाकार घेतला, एक छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं ठरवला. काळूला पारले-जी दाखवून चढवला, वर जाळी बांधली आणि रात्री बाराला हिंगण्याच्या बाजूला निघालो. ठरलं असं की पार त्या टोकाच्या लेआउटमध्ये सोडायचा. रिंग रोडच्या सिग्नलवर शेजारी दुसरा छोटा हत्ती येऊन थांबला. त्याच्याही मागे ताडपत्री होती आणि ताडपत्री हलत होती. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांकडे बघून ओळखीचं हसले.

'कुठले?' साहेबांनी खिडकीतून विचारलं.

'हिंगण्याकडचे. तुम्ही?'

'मानेवाडा.'

कोणीच पुढे काही बोललं नाही. आतून काळू भुंकला, तिकडून तिघं भुंकले. सिग्नल हिरवा झाला, त्यांनी हॉर्न दिला, आम्ही दिला. एक सोडून आम्ही घरी पोचलो तेव्हा फाटकापुढे, बाटलीखाली, तीन नवे बसले होते. काळू चौथ्या दिवशी आला. पाय सोललेले होते. आल्या आल्या त्यानं तिघांना हुंगलं, एकाला दाबलं आणि आपल्या जागेवर झोपला.

आता पोळ्याला तीन महिने आहेत. बडग्याच्या वर्गणीचं पावतीपुस्तक छापायला टाकलंय. घरामागे पाचशे रुपये. हिंगण्याच्या लोकांकडूनही घ्यायची का, यावर ग्रुपवर मतदान सुरू आहे.