शिक्षक घरी बसलेले नव्हते

‘शाळा बंद असताना शिक्षकांनी घरबसल्या पगार घेतला’ हे लेखातलं वाक्य वाचून फार वाईट वाटलं. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आमच्यापैकी कुणाला तपासणी नाक्यावर, कुणाला रेशन दुकानावर ड्युटी लागली. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, तेव्हा घरोघरी ताप मोजत फिरणाऱ्यांतही शिक्षक होते. दोनशिक्षकी शाळेतला एक ड्युटीवर गेला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात! मुलांच्या घरात फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर कामावर. म्हणून स्वाध्याय रात्री पाठवायचे आणि रात्रीच तपासायचे.

सह्याद्री वाहिनीवरची शालेय धड्यांची ‘टिलीमिली’ मालिका टीव्ही असलेल्या घरांत खरंच उपयोगी पडली. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर रेंजच नव्हती. तिथे छापील स्वाध्याय घेऊन पायी जाण्याला पर्याय नव्हता. सोलापूरच्या निलमनगरात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले.

विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा लेखात उल्लेखही नाही. त्यांतल्या अनेकांचे पगार निम्म्यावर आले, काहींचे थांबलेच.

पुन्हा अशी वेळ आली तर महसूल आणि शिक्षण विभागाने ड्युटीची यादी एकत्र बसून करावी आणि प्रत्येक शाळेत निदान एक शिक्षक पूर्णवेळ मुलांसाठी मोकळा ठेवावा. एकशिक्षकी शाळेला तर ड्युटी लावूच नये.