शकुंतला रेल्वे, ‘विसरलेले’ राष्ट्रीयीकरण आणि १ कोटी २० लाखांचा आकडा

विदर्भातील शकुंतला रेल्वेविषयीचा एक मजकूर गेली अनेक वर्षे फिरतो आहे. त्याचा आशय असा : यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा देशातील एकमेव खासगी रेल्वेमार्ग आहे, इंग्रजांनी तो १९०३ मध्ये वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी बांधला, १९५१ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण करताना सरकार हा मार्ग ताब्यात घ्यायला विसरले, म्हणून भारत आजही एका ब्रिटिश कंपनीला दरवर्षी १ कोटी २० लाख रुपये मोजतो. मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला, एवढे यात खरे आहे. बाकीचे दावे तपासले की एकामागून एक गळून पडतात, आणि ज्या भागातून ही गाडी धावत होती त्या भागाचा खरा प्रश्न या मजकुरामुळे झाकला जातो, हे मला अधिक खटकते.

वर्षाचा मुद्दा लवकर आटोपतो. मार्गाची मालक असलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी किलिक, निक्सन आणि कंपनीने १९१० मध्ये स्थापन केली, हे त्याच मजकुराच्या काही आवृत्त्यांतही लिहिलेले असते. १९१० मध्ये जन्मलेल्या कंपनीने १९०३ मध्ये रूळ कसे टाकले, हा प्रश्न तो पुढे पाठवणाऱ्या कोणाला पडलेला दिसत नाही.

मँचेस्टरचा दावा अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भागही पन्नास वर्षे आधीचा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परिसरातील, गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले आणि त्या लाटेतूनच १८७० मध्ये खामगावची रेल्वे शाखा सुरू झाली. शकुंतलेचा मार्ग उभा राहिला त्या काळापर्यंत बाजार पुष्कळ बदललेला होता. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या बारीक सुताला फारसा उपयोगी नव्हता. त्याचे मोठे गिऱ्हाईक मुंबईच्या गिरण्या, जपान आणि युरोप खंडातील देश हे होते. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तर १८७७ पासूनच चालू होती. वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत शेतकऱ्याचे शोषण झाले, याबद्दल मला शंका नाही; पण ते शोषण समजून घ्यायचे तर सावकार, अडते, जिनिंग-प्रेसिंगचे मालक आणि निर्यातदार ही सगळी साखळी पाहावी लागते.

त्या साखळीत या गाडीचे काम नेमके होते. शेतकरी बंडीत भरून कापूस जिनात आणी, तिथे सरकी वेगळी होई, रुई दाबून तिच्या गाठी बांधल्या जात आणि त्या गाठी ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरील छोट्या वाघिणींत चढत. दारव्हा, कारंजा, अंजनगाव अशा गावांहून आलेला माल मूर्तिजापूरला पुन्हा उतरवून मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या वाघिणींत भरावा लागे, कारण मुख्य मार्गाची रुंदी १६७६ मिलिमीटर होती. प्रत्येक गाठ हमालांनी दोनदा हाताळायची, हा खर्च अशा मार्गाच्या पाचवीला पुजलेला होता. पुढे मालमोटारी थेट जिनाच्या दारात जाऊ लागल्या तेव्हा अरुंद मार्गाची मालवाहतूक का टिकली नाही, याचे मोठे कारण इथेच सापडते.

आता सरकार ‘विसरले’ या दाव्याकडे येऊ. या मार्गावर गाड्या चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९५१ पर्यंत खासगी होती आणि तेव्हा ती सरकारजमा झाली, असे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात ती रेल्वे सरकारने १९०० मध्येच विकत घेतली होती आणि १९२५ मध्ये तिचा कारभारही थेट सरकारकडे आला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली ती या आधीच सरकारी असलेल्या रेल्वेत निजाम, शिंदे आणि धोलपूर संस्थानांच्या रेल्वे मिळवून. तो विभागांच्या पुनर्रचनेचा निर्णय होता. त्यात कोणा खासगी कंपनीचे नाव यादीतून गळण्याचा प्रश्नच नव्हता. शकुंतलेचा करार फीडर मार्गांसाठी, म्हणजे मुख्य मार्गाला माल आणि प्रवासी आणून देणाऱ्या उपमार्गांसाठी, तेव्हा रूढ असलेल्या पद्धतीचा होता : भांडवल कंपनीचे, गाड्या मुख्य रेल्वेने चालवायच्या, उत्पन्न ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचे आणि ठराविक वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा पर्याय सरकारकडे ठेवायचा. अशा मार्गांबाबत सरकार एकेक करून निर्णय घेत होते. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये विकत घेतली गेली, शकुंतला घेतली गेली नाही. ज्या मार्गावर सरकारी रेल्वे रोज गाडी चालवते आणि ज्याच्या कराराची मुदत ठराविक वर्षांनी समोर येते, तो मार्ग विसरला जाणे शक्य नाही.

‘ब्रिटिश कंपनी’ हे वर्णनही टिकत नाही. किलिक, निक्सनची पेढी १८५७ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय उद्योजकांच्या हाती आली. नाव इंग्रजी राहिले म्हणून पैसा लंडनला जातो, असे होत नाही.

१ कोटी २० लाखांचा आकडा तर करारातील तत्त्वाशीच जुळत नाही. कंपनीचा वाटा उत्पन्नाशी बांधलेला होता. मालवाहतूक गेली, प्रवासी घटले, गार्डनेच तिकिटे द्यायची इतकी काटकसर आली, आणि शेवटी गाड्याही थांबल्या. तरीही मजकुरातील रक्कम मात्र वर्षानुवर्षे एका रुपयाने हललेली नाही. उत्पन्न आटत जाते आणि त्यातला वाटा तेवढाच राहतो, हे हिशेबात बसत नाही.

‘एकमेव’ म्हणावे तर याच कंपनीचा ३५ किलोमीटरचा पुलगाव-आर्वी मार्गही होता. बिहारची डेहरी-रोहतास लाइट रेल्वे १९८४ पर्यंत खासगी मालकीत धावली, आणि गुजरातचा पिपावाव बंदराचा मार्ग भारतीय रेल्वे आणि बंदर कंपनी यांच्या संयुक्त कंपनीकडे आहे.

या मजकुराचा शेवट बहुधा ‘म्हणून सरकारचे हात बांधलेले आहेत’ असा असतो, आणि सर्वाधिक नुकसान हे वाक्य करते. २०१६ मध्ये या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे १५०० कोटी रुपयांची घोषणा रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कारकिर्दीत झाली, म्हणजे मालकीचा प्रश्न सुटू शकतो हे सरकारला मान्य होते. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाला. दारव्हा आणि दर्यापूरच्या लोकप्रतिनिधींना म्हणूनच ब्रिटिशांविषयी विचारण्यापेक्षा हे विचारावे : कंपनीकडून मार्ग घेण्याची बोलणी कुठवर आली, खर्चात राज्याचा वाटा किती, आणि जुन्या रुळांखालच्या जमिनीचे काय ठरले.